जिवंत माणसाचं सुतक

वीस वर्षं होत आली, पण त्या खटल्यातली ज्यूरीची बारा माणसं आज बाजारात भेटली तरी मी ओळखेन. आरोपीला ओळखणारच, त्याला मीच पकडला होता. पण ज्यूरी इतकी न्याहाळून मी नोकरीत एकदाच पाहिली. एका पोराला जगू द्यायचं की मारायचं हे त्यांच्या हातात होतं, आणि ते भलतीकडेच बघत होते.

मी मूळचा कराडकडचा. शिकायला ॲरिझोनात आलो, शिक्षण सोडलं, तिथला नागरिक झालो आणि पोलीस खात्यात शिरलो, तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. 'अमेरिकेत जाऊन हवालदार झाला,' असं ते लोकांना सांगत. पुढे डिटेक्टिव्ह झालो, खुनाच्या तपासाला लागलो आणि त्याच खात्यातून निवृत्त झालो. आमच्या चँडलर शहरातल्या मराठी मंडळींत मी 'पोलीस काका'. कुणाचं स्पीडिंगचं तिकीट रद्द करून दिलं नाही म्हणून निम्मं मंडळ माझ्यावर कायम रुसलेलं असायचं.

साल दोन हजार तीन. गणपतीचे दिवस, म्हणजे आमच्याकडे बाहेर अजून भट्टीच पेटलेली असते. शहराच्या दक्षिणेला वाळवंटात मोटरसायकली उडवायला येणाऱ्या लोकांना एक प्रेत सापडलं. तरुण, आपल्याकडचा दिसणारा, डोक्याला मागून मार. खिशात काही नाही. हरवल्याची तक्रार म्हणाल तर तीही कुणाची नाही. तिकडे पंचनाम्याला पंच नसतात. फोटो काढणारा, मोजमाप घेणारा आणि आम्ही. वाळूत एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसली. प्रेताच्या मागे थोड्या अंतरापर्यंत रांगत आल्याच्या खुणा होत्या, आणि नखांत वाळू होती. टाकला तेव्हा तो जिवंत होता.

बातमी टीव्हीवर आली त्याच संध्याकाळी आमच्या मंडळातल्या एक बाई ठाण्यात आल्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही म्हणायचो. त्यांच्याकडे दरवर्षी गणपती बसतो. खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मी चुगली करायला आलेले नाहीये हं. पण कुणाला तरी सांगायलाच हवं."

त्यांच्याकडे नागपूरचे दोन चुलत भाऊ यायचे, एकाच अपार्टमेंटमध्ये राहणारे. नावं मी सांगणार नाही. थोरला आणि धाकटा म्हणू. थोरला आरतीला तबला वाजवायचा. यंदा चतुर्थीच्या संध्याकाळी तो एकटाच आला आणि घरात पाऊलच टाकेना. मागच्या अंगणाकडे सरकतं काचेचं दार असतं ना, त्याच्या बाहेरच उभा राहिला. मावशी मोदकाची ताटली घेऊन गेल्या तर हात मागे घेतला. म्हणाला, "मला चालत नाही मावशी. सुतक आहे."

"अरे देवा, कोण गेलं?"

"घरातलंच... जवळचं."

"मग आलास कशाला बाबा? फोन करायचा. आणि धाकटा कुठंय?"

"तो कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला गेलाय, इंटरव्ह्यू आहे."

मावशींनी त्याला बाहेरच चहा दिला. पण त्यांना एक गोष्ट खटकत राहिली. थोरल्याला सुतक, तर चुलत भावालाही सुतक. मग घरात कोणी गेलेलं असताना धाकटा इंटरव्ह्यूला कसा जाईल? दोन-तीन दिवसांनी त्यांनी समाचाराला म्हणून थोरल्याच्या आईला नागपूरला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "इश्श, आमच्याकडे कुठे काय झालं? सगळे ठणठणीत आहेत!"

मी प्रेताचा फोटो, फक्त चेहऱ्याचा, त्यांच्यापुढे ठेवला. मावशींनी पदर तोंडाला लावला. धाकटाच होता तो.

आता बघा, चतुर्थीच्या त्या संध्याकाळी जगात कुणालाच माहीत नव्हतं की धाकट्याला काही झालंय. आम्हाला नाही, नागपूरला नाही. माहीत होतं फक्त एकाला, आणि तो देवाच्या दारात जाऊन ते सांगून आला होता. दुसऱ्या कुठल्या समाजातला खुनी असता तर त्यानं मोदक खाल्ला असता, गप्पा मारल्या असत्या, आणि मी महिनोन्महिने वाळवंट उकरत बसलो असतो.

थोरल्याला आणला. हक्क वाचून दाखवले, रेकॉर्डिंग सुरू केलं. माझा जोडीदार डिटेक्टिव्ह समोर बसला, मी कोपऱ्यात. पोरगा फाडफाड इंग्रजी बोलत होता. धाकटा किती वाजता निघाला, कुठली बॅग घेतली, सगळं पाठ. असली पाठ केलेली उत्तरं मला आवडतात, कारण खरं बोलणारा माणूस अडखळतो. मी खुर्ची पुढे ओढली आणि मराठीत विचारलं, "मावशी तुझ्या आईशी बोलल्यात. तिकडे सगळे खुशाल आहेत. सुतक कुणाचं धरलंयस?"

त्याचं इंग्रजी तिथंच थांबलं. मग म्हणाला, "आईला कळलं?"

"अजून नाही. मला सांग, कुणाचं?"

"त्याचंच, काका."

मग सगळं बाहेर आलं. थोरल्याची चिप कंपनीतली नोकरी गेली होती. त्या काळात कित्येकांची गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला, पण घरी 'मजेत आहे' असंच सांगणं चालू. धाकट्याला ते बघवेना. चतुर्थीला घरी फोन करायचाच होता. तो म्हणाला, आज मी काकांना, म्हणजे थोरल्याच्या वडिलांना, खरं सांगून टाकतो. फोन हातात घेऊन वळला, आणि थोरल्यानं हाताला लागलेला व्यायामाचा डंबेल त्याच्या डोक्यात घातला. एकच घाव. "नाकाशी हात धरला, काका. श्वास नव्हता. तो गेला होता." मग गाडीत घातला आणि वाळवंटात नेऊन टाकला. डोळ्यांतून टिपूस नाही. जोडीदार नंतर म्हणाला, "तुझं पोरगं बर्फ आहे रे." मी म्हटलं, "माझं कशानं? पकडताना तर तूही होतास."

केस फुटली, आता फाईल सरकारी वकिलांकडे, असं मी समजून चाललो होतो. माझ्या लेखी खरी केस तिथून पुढे सुरू झाली.

खटला उभा राहिला दोन हजार सहात. खुनाच्या आदल्याच वर्षी ॲरिझोनात कायदा बदलला होता. मृत्युदंड द्यायचा की नाही हे आधी न्यायाधीश ठरवायचे. आता ते ज्यूरीनं ठरवायचं. आधी गुन्हा सिद्ध होणार, मग त्याच बारा जणांपुढे शिक्षेची वेगळी सुनावणी. मृत्युदंड असो की जन्मठेप, बारांच्या बाराही जणांचं एकमत लागतं. जिवंत माणसाला गाडीत घालून मरायला टाकून दिलं, म्हणून गुन्हा पहिल्या दर्जाचा, म्हणजे मृत्युदंड देता येईल असा ठरला. आता प्रश्न एकच उरला. तो जिवंत आहे हे थोरल्याला माहीत होतं का? माहीत असून टाकला असेल तर ते क्रौर्य वेगळं. मेला समजून टाकला असेल तर गुन्हा गुन्हाच आहे, पण माणूस वेगळा आहे.

तपास अधिकारी म्हणून माझी जागा सरकारी वकीलबाईंच्या शेजारी. तिथून ज्यूरी समोर दिसते. न्यायाधीश रोज बजावायचे, पुराव्यावर जा. पण शवविच्छेदन करणारे डॉक्टर रांगल्याच्या खुणांबद्दल बोलत होते तेव्हा निम्मी ज्यूरी डॉक्टरांकडे बघतच नव्हती. ती बघत होती थोरल्याच्या तोंडाकडे. आता रडेल, मग रडेल. आणि हा ताठ बसलेला, हात मांडीवर, चेहरा कोरा. आपल्या घरांत शिकवलेलं असतं ना, चार लोकांत तमाशा करायचा नाही! पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर हाताची घडी घातली ती दिवसभर सोडली नाही. त्या माणसाचा निकाल मला तेव्हाच कळला.

त्यात तो फोटो. मावशींच्या यजमानांनी गणपतीच्या संध्याकाळी काढलेला. गणपती, आजूबाजूला मंडळी, आणि कडेला थोरला, दात दाखवून हसतोय. भाऊ वाळवंटात पडलाय आणि हा हसतोय! कॅमेरा समोर धरून कुणी 'स्माइल' म्हटलं की माणसाचं तोंड आपोआप उघडतं, हे ज्यूरीलाही माहीत असणार. पण तो फोटो पडद्यावर आला आणि कोर्टातली हवाच बदलली. वकीलबाईंनी तो जितका वेळ ठेवता येईल तितका वेळ पडद्यावर ठेवला. सुतकाचा उल्लेख पहिल्या टप्प्यात येऊन गेला होता, पण एवढाच की 'कुटुंबात मृत्यू झाल्याचं आरोपी त्या संध्याकाळी बोलला.' त्याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. बचावाचे वकीलही त्याचं बालपण आणि मानसोपचारतज्ज्ञ घेऊन बसले होते.

माझ्या डोक्यात मात्र तिडीक उठली होती. शिक्षेच्या सुनावणीत बचावपक्ष मला कबुलीजबाबाबद्दल साक्षीला बोलावणार होता. आदल्या दिवशी मी वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो.

"ज्यूरीला अर्धंच कळलंय," मी म्हटलं. "आमच्यात सुतक मेलेल्या माणसाचं धरतात. भाऊ जिवंत आहे असं वाटणारा माणूस सुतक धरणार नाही. जिवंत माणसाचं सुतक धरणं आमच्यात अशुभ."

त्या हुशार बाई, आणि सरळ. फाईल मिटून म्हणाल्या, "त्याच्या वकिलांकडे हीच कागदपत्रं दोन वर्षं आहेत. त्यांचं काम मी का करू?"

"करू नका. पण मला विचारलं तर मी पूर्ण उत्तर देणार. उद्या तुमच्या तोंडचं पाणी पळायला नको, म्हणून आज सांगतोय."

"लोक म्हणतील, स्वतःच्या माणसाला वाचवतोय."

"म्हणू देत. मंडळात अर्धे लोक म्हणतायत की मी आपल्या पोराला मारायला निघालोय. दोन्हीकडून शिव्या खायची मला सवय आहे."

आणखी एका व्यक्तीला हे आधी सांगणं भाग होतं. धाकट्याची आई. नागपूरहून आल्या होत्या, मावशींकडे उतरल्या होत्या. कोर्टात त्या आपल्या मुलाबद्दल बोलल्या; दुभाष्यानं इंग्रजीत सांगेपर्यंत ज्यूरीतल्या दोघी रडत होत्या. पण आरोपीला काय शिक्षा व्हावी, हे मृताच्या आईला ज्यूरीपुढे बोलायची परवानगी नाही. मी त्यांना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मग भाऊ, मला सात समुद्र ओलांडून बोलावलं कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या कँटीनमध्ये मी त्यांच्यासमोर बसलो आणि सुतकाचं सगळं सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं; मावशींनाही सांगायचा धीर झाला नव्हता. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"म्हणजे त्याला वाटलं, गेला."

"हो, ताई."

"आणि तो मावशींच्या दारात सुतक धरून उभा होता, तेव्हा माझा मुलगा तिकडे..."

"हो. डॉक्टर म्हणतात, त्या रात्रीपर्यंत तरी होता."

माझ्या आवाजाची मलाच लाज वाटली. असं वाक्य कुणाच्या आईला ऐकवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"खरं आहे ते सांगा," त्या म्हणाल्या. "पण मग सगळंच सांगा, भाऊ. त्याच्या खिशात फोन होता. नाकाशी हात धरायला जमलं, फोन लावायला नाही जमलं. तेही सांगा."

मी शब्द दिला.

साक्ष सुरू झाली. बचावाच्या वकिलांनी कबुलीजबाबाबद्दल विचारलं, मी सांगितलं. पुढे काही नाही. मी उठणार, एवढ्यात ज्यूरीतून एक चिठ्ठी गेली. ॲरिझोनात ही एक चांगली पद्धत आहे: ज्यूरीतल्या माणसाला साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर लिहून द्यायचं, न्यायाधीश वकिलांशी बोलून ते वाचून दाखवतात. वकिलांची कुजबुज झाली. वकीलबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि हरकत घेतली नाही. हे त्यांचं मोठेपण मी विसरणार नाही.

न्यायाधीशांनी प्रश्न वाचला. "फोटोत सगळे घरात आहेत. आरोपी एकटाच काचेच्या दाराबाहेर का उभा आहे?"

इतके दिवस सगळे त्याचे दात बघत होते. कुणीतरी त्याचे पाय पाहिले होते!

मी ज्यूरीकडे वळून सांगितलं. रक्ताच्या नात्यातलं माणूस गेलं की आमच्यात काही दिवस देवाला शिवत नाहीत, प्रसाद घेत नाहीत. त्यानं मोदक नाकारला, उंबरा ओलांडला नाही. तेव्हा भावाला काही झाल्याची खबर दुसऱ्या कुणालाच नव्हती. तो बाहेर उभा राहिला नसता तर मला तो कदाचित सापडलाही नसता. मग म्हटलं, "त्याला पश्चात्ताप होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. भाऊ मेला आहे असं त्याला खरोखर वाटत होतं, एवढं मी खात्रीनं सांगतो."

वकीलबाई उठल्या. उलटतपासणीचा एकच प्रश्न. "डिटेक्टिव्ह, भावाला मारल्यापासून दारात उभं राहीपर्यंत आरोपीजवळ फोन होता?"

"होता. खिशात. त्यानं मदत मागवली असती तर भाऊ बहुधा जगला असता. सुतक पाळायचं त्याला सुचलं, फोन करायचं सुचलं नाही."

थोरल्यानं मान खाली घातली. त्या खटल्यात तो पहिल्यांदाच हलला असेल. ज्यूरीतल्या किती जणांनी ते पाहिलं, मला माहीत नाही. मी त्या क्षणी धाकट्याच्या आईकडे बघत होतो.

ज्यूरी कित्येक दिवस आत बसून होती. आम्ही कोर्टाबाहेर येरझारा घालत होतो. जोडीदारानं माझ्याशी धड बोलणंही टाकलं होतं. शेवटी निकाल आला: जन्मठेप, सुटका नाही. मरेपर्यंत आत.

निकालानंतर ज्यूरीशी बोलायला हरकत नसते. पार्किंगमध्ये एक बाई माझ्याकडे आल्या. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायच्या. चिठ्ठी त्यांचीच होती. म्हणाल्या, पहिल्या दिवशी आठ जण मृत्युदंडाच्या बाजूचे होते. कारण विचाराल तर, तो रडला नाही, आणि तो हसतोय. बस्स. तुमच्या साक्षीनंतर काहींनी मत बदललं. पण एक जण उलटा फिरला, आधी जन्मठेप म्हणत होता तो मृत्युदंड म्हणायला लागला. त्याचं म्हणणं, रिवाज आठवतो आणि भाऊ आठवत नाही, असल्या माणसाला का सोडायचं?

"मग ठरलं कसं?" मी विचारलं.

"तुम्ही दोन्ही बाजू सांगितल्यात. तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवायला हवा, असं म्हणत म्हणत एकेक जण वळला."

लोकांना वाटेल, हे ऐकून माझी कॉलर ताठ झाली असेल. छे! मी गाडीत जाऊन घाम पुसत बसलो. फोटो काढणारा दोन पावलं पुढे सरकला असता तर दार दिसलंच नसतं. ह्या बाईंऐवजी दुसरं कुणी त्या खुर्चीत असतं तर चिठ्ठी गेली नसती. आणि एक पोरगं हसलं म्हणून मेलं असतं. गुन्हा मोठा होता, शिक्षा मोठीच व्हायला हवी होती, त्यात मला आजही दयामाया नाही. पण ती त्यानं केलेल्या कामाची व्हावी, त्याच्या तोंडाची नको. तेव्हापासून पुढे मी प्रत्येक साक्षीत, आरोपीचा चेहरा लोकांना कसा दिसतोय आणि तो तसा का आहे, हे विचारलं तर सांगायचंच, असं ठरवून टाकलं. नव्या पोरांना ट्रेनिंगमध्येही तेच शिकवलं. त्यातले निम्मे जांभया देत, मी पुन्हा सांगत असे.

नियमाप्रमाणे निकाल मृताच्या घरच्यांना समजावणं हे माझं काम. धाकट्याची आई कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुरुंगात त्याला देवाची तसबीर ठेवू देतात का?"

"लहानशी चालते, ताई."

"मग ठेव म्हणावं. सुतक कधीच फिटलं. त्या दिवशी दाराबाहेर उभा राहून सुटला तो. आता रोज देवासमोर उभा राहा म्हणावं, आणि रोज माझ्या मुलाचं नाव घे. मला कुणी विचारलं नाही, पण माझी शिक्षा ही."

मी तुरुंगात जाऊन त्याला ते सांगितलं. मराठीत, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता. सगळ्या खटल्यात ज्याच्या डोळ्यांत पाणी शोधून बारा माणसं थकली होती, तो पोरगा काचेपलीकडे टेबलावर डोकं आपटून रडला. तिथे तेव्हा मी होतो, आणि एक पहारेकरी.